आधी मते मोजा, मग जोडीदार निवडा!

शहागंज हा जुन्या शहराचा बाजार. टॉवर, चमन, मशीद, भाजीवाले, कापडाची आणि भांड्यांची दुकाने यांच्या गर्दीत मुसलमान दुकानदार आणि भीमनगर, मिलिंदनगर, उस्मानपुऱ्याकडून आलेले बौद्ध गिऱ्हाईक रोज समोरासमोर उभे असतात. भावात घासाघीस होते, कधी आवाजही चढतो, पण सौदा सहसा मोडत नाही. कारण मध्ये वजनकाटा असतो आणि त्या काट्यावर दोघांचाही विश्वास असतो. राजकारणात मात्र याच दोन समाजांचा सौदा विजयानंतर अवघ्या साडेतीन महिन्यांत मोडला. तिथे काटाच नव्हता!

आम्ही बोलतो आहोत ते २०१९ सालाबद्दल. त्याआधी, २ ऑक्टोबर २०१८ रोजी याच शहरात जबिंदा मैदानावर अॅड. प्रकाश आंबेडकर आणि असदुद्दीन ओवेसी एका व्यासपीठावर आले. निळा आणि हिरवा झेंडा एकत्र फडकला. पुढे लोकसभेची उमेदवारी ठरवताना ओढाताण झालीच. औरंगाबादसाठी आधी निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील यांचे नाव पुढे होते. एमआयएमच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी आग्रह धरला आणि शेवटी इम्तियाज जलील यांचे नाव आले. नाराजी गिळून बौद्ध वस्त्या कामाला लागल्या. २३ मे २०१९ रोजी निकाल लागला. जलील यांना ३ लाख ८९ हजार ४२ मते, चंद्रकांत खैरे यांना ३ लाख ८४ हजार ५५०. फरक ४,४९२ मतांचा! चार वेळा खासदार राहिलेला शिवसेनेचा उमेदवार पडला. अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी पावणेतीन लाखांहून अधिक मते घेतली, त्याचा फटका खैरे यांना बसला, हे खरे. पण एवढ्या निसटत्या विजयात बौद्ध वस्त्यांतील प्रत्येक पेटीचा वाटा होता, हे कोण नाकारील?

महाराष्ट्रात त्या निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीला सुमारे ४१ लाख मते पडली आणि दोन्ही पक्षांच्या जोडीला राज्यात मिळालेली खासदारकी एकच, तीही एमआयएमची. खुद्द प्रकाश आंबेडकर अकोला आणि सोलापूर अशा दोन्ही ठिकाणी हरले. आमची मते तिकडे गेली, तिकडची मते आमच्याकडे आली का, हा प्रश्न वस्तीवस्तीत विचारला जाऊ लागला. विधानसभा जवळ आली तेव्हा जागांचा वाद पेटला. वंचितने आपल्याला फक्त आठ जागा देऊ केल्या, असे सांगून सप्टेंबर २०१९ मध्ये जलील यांनी स्वतंत्र लढण्याची घोषणा केली. आठ कमी की जास्त, हे कुणी कशावरून ठरवायचे? एकाने आपले ४१ लाख दाखवले, दुसऱ्याने आपला खासदार दाखवला. ४१ लाखांत कुणाची किती मते, याची नोंद कुणाकडेच नव्हती.

मग जे व्हायचे तेच झाले. ज्या औरंगाबाद मध्य मतदारसंघात शहागंज येते, तिथे ऑक्टोबर २०१९ मध्ये शिवसेनेचे प्रदीप जैस्वाल ८२ हजारांवर मते घेऊन निवडून आले. एमआयएमच्या उमेदवाराला ६८ हजारांवर आणि वंचितच्या उमेदवाराला २७ हजारांवर मते पडली. बेरीज शाळेतले पोरही करील! २०२४ च्या विधानसभेत औरंगाबाद पूर्वमधून जलील २,१६१ मतांनी पडले आणि तिथेही वंचितच्या उमेदवाराने त्याहून जास्त मते घेतली होती. अर्थात, प्रत्येक पराभवाला फूटच कारण असते असे नाही. २०२४ च्या लोकसभेत संदिपान भुमरे जलील यांच्यापेक्षा १ लाख ३४ हजारांवर मतांनी पुढे होते. तिथे वंचितची ६९ हजार मते मिळवली असती तरी अंतर भरले नसते. युती ही जादूची कांडी नव्हे. पण ज्या दोन समाजांच्या पायाखालची जमीन एकाच वेळी सरकते आहे, त्यांना बेरीज करता येऊ नये, ही गोष्ट साधी नाही.

अमेरिकेतला काटा

अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मत देताना मतदार एका नावाला नव्हे, दोन नावांना मत देतो. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशी जोडी असते. पण त्याआधी प्रत्येक पक्षात घरातलीच लढाई होते. एकाच पक्षाचे पाच-दहा इच्छुक राज्याराज्यांत फिरतात, एकमेकांची उणीदुणी काढतात आणि पक्षाचे मतदार मत देऊन त्यांतला एक निवडतात. ही लढत कित्येकदा विरोधी पक्षाशी होणाऱ्या लढतीपेक्षा कडू असते. ती संपली की जिंकलेल्यासमोर प्रश्न येतो: जोडीदार कोण? ज्याने कालपर्यंत आपल्याला शिव्या घातल्या तो, की दुसराच कुणी?

१९८० मध्ये जॉर्ज बुश यांनी रोनाल्ड रेगन यांच्या अर्थनीतीला जादूटोण्याचे अर्थशास्त्र म्हटले होते. रेगन यांनी त्यांनाच उपाध्यक्षपदासाठी घेतले. २००८ मध्ये हिलरी क्लिंटन यांना पक्षांतर्गत लढतीत सुमारे १ कोटी ८० लाख मते पडली, तरी बराक ओबामा यांनी जोडीदार म्हणून जो बायडेन यांना निवडले. पण जिंकल्यावर हिलरींना परराष्ट्रमंत्री केले. जून २०१९ च्या वादसभेत कमला हॅरिस यांनी बायडेन यांना वर्णभेदाच्या जुन्या प्रश्नावर सर्वांसमोर धारेवर धरले. ऑगस्ट २०२० मध्ये बायडेन यांनी त्यांनाच सोबत घेतले आणि दोघे जिंकले. तिथले राजकारणी आपल्यापेक्षा सज्जन आहेत म्हणून हे घडते असे मुळीच नाही. हरलेल्याच्या पदरात किती मते आहेत, कोणत्या राज्यात आहेत, कोणत्या समाजाची आहेत, हे कागदावर मांडलेले असते. त्यामुळे हरलेल्याला फुगता येत नाही आणि जिंकलेल्याला त्याला हिणवता येत नाही.

या गोष्टीची दुसरी बाजू मात्र आपण नीट समजून घेतली पाहिजे. १९८८ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते जेसी जॅक्सन डेमोक्रॅटिक पक्षाच्या लढतीत दुसरे आले. कृष्णवर्णीय, गरीब गोरे, कामगार, शेतकरी यांची इंद्रधनुषी आघाडी बांधून त्यांनी सुमारे ७० लाख मते मिळवली. ज्या काळ्या माणसांच्या लढ्यावरून १९७२ मध्ये आपल्या दलित पँथरने नाव घेतले, त्यांचा माणूस एका मोठ्या पक्षात दुसऱ्या क्रमांकावर पोचला होता. जिंकलेल्या मायकेल डुकाकिस यांनी जोडीदार निवडला तो टेक्ससचा लॉइड बेंटसन. आणि ही बातमी जॅक्सन यांना डुकाकिस यांच्याकडून नव्हे, वार्ताहराकडून कळली! मते मोजली गेली होती, पण मोजलेल्या मतांना मान मिळाला नाही. जॅक्सन यांना अधिवेशनात भाषण मिळाले, टाळ्या मिळाल्या, खुर्ची मिळाली नाही. नोव्हेंबरमध्ये डुकाकिस यांच्या हाती ५० पैकी १० राज्ये लागली. तुमची मते हवीत पण तुम्ही शेजारी नकोत, हा अनुभव आपल्याला नवा आहे काय?

आणि तिसरी गोष्ट. १९६० मध्ये जॉन केनेडी यांनी आपले कट्टर प्रतिस्पर्धी लिंडन जॉन्सन यांना जोडीदार केले. जॉन्सन दक्षिणेकडचे. कामगार पुढारी आणि नागरी हक्कांचे कार्यकर्ते भडकले. खुद्द केनेडी यांच्या भावाला ही निवड पसंत नव्हती. केनेडी टेक्सस राज्य सुमारे ४६ हजार मतांनी जिंकले; जॉन्सनशिवाय ते अवघडच होते. पुढे केनेडींचा खून झाला, जॉन्सन अध्यक्ष झाले आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा व १९६५ चा मतदान हक्क कायदा याच माणसाच्या सहीने झाला. जोडीदार आवडतो की नाही यापेक्षा त्याच्या हातून काय घडवून घेता येते, हे महत्त्वाचे. पण ते घडवून घ्यायला कृष्णवर्णीयांची चळवळ रस्त्यावर जिवंत होती, हे विसरता कामा नये. खुर्चीवरचा माणूस सही करतो. त्याच्या हातात पेन देते ती चळवळ.

बाबासाहेबांचा जोडीदार

आपल्या देशात अशी जोडी कधी नव्हतीच, असे कुणाला वाटेल. ती होती आणि परमपूज्य बाबासाहेब स्वतः त्या जोडीतून लढले होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काही मतदारसंघ द्विसदस्य होते. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराच्या हाती दोन मते. पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. म्हणून पक्ष जोडी लावत. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाबासाहेब आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता अशी जोडी होती. बाबासाहेबांची मते मेहतांना, मेहतांची बाबासाहेबांना, असा हा करार. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. मेहताही पडले. कम्युनिस्ट नेते डांगे यांनी मते कुजवण्याचा प्रचार केला, असा आक्षेप घेऊन बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणूक याचिकाही दाखल केली होती.

मत कुजवणे म्हणजे काय, हे आजच्या तरुणांना सांगायला हवे. दोनपैकी एक मत आपल्या उमेदवाराला द्यायचे आणि दुसरे वाया घालवायचे, म्हणजे आपला उमेदवार सोडून इतर कुणाचे भले होत नाही. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत बाबासाहेब आणि अशोक मेहता पुन्हा सोबत होते. दुसरे मत कुजवावे, असे काही कार्यकर्ते म्हणत होते. बाबासाहेबांनी ते मानले नाही. निकाल काय लागला? मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभूत झाले. ज्यांनी राज्यघटना लिहिली, ते पडले; त्यांच्या समाजाने ज्यांना दुसरे मत दिले, ते लोकसभेत गेले!

या घटनेतून दोन धडे निघतात आणि आपण नेहमी पहिलाच सांगतो. पहिला धडा असा की, शब्द दिला की आंबेडकरी माणूस मत फिरवत नाही. हा आपला मोठेपणा आहे आणि तो टिकला पाहिजे. दुसरा धडा कडू आहे: आपली मते तिकडे जातात, तिकडची इकडे यायला जात आडवी येते. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ गेले, पण हा दुसरा धडा गेला नाही. २०१९ मध्ये तो निळ्या-हिरव्या आघाडीला भेटला. २३ जानेवारी २०२३ रोजी वंचितने उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेशी जाहीर केलेली युतीही लोकसभेच्या तोंडावर, मार्च २०२४ मध्ये मोडली. कारणे वेगवेगळी सांगितली गेली. पण कुणाची किती मते आणि त्या मतांच्या किती जागा, हा मूळ प्रश्न तिथेही सुटलेला नव्हता.

मते इकडे येतच नाहीत असेही नाही. १९९८ मध्ये काँग्रेसशी झालेल्या समझोत्यात रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार निवडून आले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले. चारही मतदारसंघ सर्वसाधारण, राखीव एकही नाही! महाराष्ट्रातील काँग्रेस मतदाराने आंबेडकरी उमेदवाराला मत दिले, याचा हा लेखी पुरावा आहे. आणि त्याहून जुना दाखला उत्तर प्रदेशातला. १९६२ मध्ये अलीगढमध्ये जाटव आणि मुसलमान एकत्र आले आणि रिपब्लिकन पक्षाचे बी. पी. मौर्य लोकसभेत गेले. तेव्हा मुसलमान बांधवांची मते मिळत नाहीत, हे सरसकट विधानही खोटे आहे. जिथे आधी नीट बसून ठरवले तिथे ती मिळाली.

न मोजलेल्या लढतीचे फळ

मग १९९८ ची एकी का टिकली नाही? वर्षभरात चार खासदारांची चार तोंडे चार दिशांना झाली. त्याचे खापर व्यक्तींच्या अहंकारावर फोडून मोकळे होण्याची आपली सवय आहे. अहंकार कुठल्या पुढाऱ्याला नसतो? तो अमेरिकेतल्याला आपल्यापेक्षा जास्तच असेल. आपल्याकडे फरक पडतो तो इतकाच की, आपल्या घरातली लढत कधी मोजलीच जात नाही. १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांत दादासाहेब गायकवाड आणि बी. सी. कांबळे यांचे मार्ग वेगळे झाले. तेव्हापासून आजवर गट किती झाले, पण कुठल्या गटामागे समाजाचे किती लोक आहेत, हे पक्षाच्या सभासदांनी मत देऊन ठरवले, असे घडले नाही. न मोजलेल्या लढतीत कुणी हरत नाही. आणि जो हरलाच नाही, तो दुसऱ्या जागेवर कशाला बसेल? म्हणून प्रत्येक जण अध्यक्ष!

न मोजता नुसती खुर्ची देऊन जोडी बांधली की काय होते, हे या राज्याने १९७८ मध्ये पाहिले. काँग्रेस फुटून दोन पक्ष झाले होते, निवडणुकीत ते एकमेकांविरुद्ध त्वेषाने लढले आणि निकालानंतर सत्तेसाठी एकत्र बसले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. राज्याचे हे पहिलेच उपमुख्यमंत्रिपद. राज्यघटनेत अशा पदाला वेगळा अधिकारच नाही. मुख्यमंत्री देईल तेवढाच. दोघांचे पटले नाही, सरकार चार महिन्यांत कोसळले आणि शरद पवार यांचे पुलोद सरकार आले. त्याच सरकारच्या काळात २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. पुढे काय झाले हे मराठवाड्यातल्या प्रत्येक बौद्ध वस्तीला ठाऊक आहे. घरे जळाली, माणसे मारली गेली आणि ठरावाला हात वर करणारे जोडीदार मागे सरले. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. साडेपंधरा वर्षे! हात वर करणारा जोडीदार पुष्कळ मिळतो. आग लागल्यावर सोबत उभा राहतो तो खरा.

आता प्रभागात काय करायचे?

हा सगळा इतिहास उगाळण्याचे कारण असे की, दोन उमेदवारांच्या जोडीचा तो जुना प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. २०१५ पर्यंत या शहरात एका वॉर्डाचा एक नगरसेवक होता. त्या निवडणुकीत एमआयएमने २५ जागा घेतल्या होत्या. २०२० मध्ये मुदत संपल्यावर महापालिका कित्येक वर्षे प्रशासकाच्या हाती राहिली आणि पुढे बहुसदस्यीय प्रभाग आले. आता मतदाराच्या हाती एक नाही, अनेक मते आहेत. एक जागा अनुसूचित जातीची, एक ओबीसीची, एक महिलेची, एक सर्वसाधारण. पॅनल लावल्याशिवाय कुणाचे चालत नाही. म्हणजे १९५२ चे ते कुजवण्याचे राजकारण पुन्हा आले! राखीव जागेवरच्या आपल्या माणसाला मत देऊन बाकीची बटणे वाटेल तशी दाबायची, की पॅनलमधल्या मुसलमान, ओबीसी, मराठा जोडीदारालाही तेवढ्याच निष्ठेने मत द्यायचे? आणि ते आपल्याला देतील काय?

आमचे म्हणणे तीन गोष्टींत सांगता येईल.

पहिली गोष्ट, घरातली लढत उघड होऊ द्या. एका वस्तीत पाच इच्छुक असतील तर पुढाऱ्याच्या बंगल्यावर चिठ्ठी काढण्यापेक्षा बुद्धविहारात सभासदांची यादी लावा, पेटी ठेवा, मत घ्या, आकडा फळ्यावर लिहा. आयाबहिणींनाही त्या यादीत घ्या. जयंतीच्या वर्गणीसाठी त्या चालतात, मग उमेदवार ठरवायला का नकोत? भांडण होईल. होऊ द्या. मोजलेले भांडण मिटते, न मोजलेले तीन पिढ्या पुरते.

दुसरी गोष्ट, जो दुसरा येईल त्याला दुसरी जागा द्या आणि ती जागा नुसत्या हाराची नको. स्थायी समिती असो, पक्षाचे शहर अध्यक्षपद असो, पुढच्या वेळची उमेदवारी असो, काय देणार ते आधी लिहून जाहीर करा. डुकाकिस यांनी जॅक्सन यांच्याशी केले तसे आपण आपल्याच माणसाशी करू नये. दुखावलेला कार्यकर्ता दुसऱ्या पक्षात जातो तेव्हा तो एकटा जात नाही, बूथ घेऊन जातो.

तिसरी गोष्ट, बाहेरच्या जोडीदाराशी बोलताना मागच्या निवडणुकीचे बूथनिहाय आकडे घेऊन बसा. निवडणूक आयोग ते प्रसिद्ध करतो, त्यासाठी कुणाच्या पाया पडावे लागत नाही. भीमनगरच्या बूथवर तुमच्या उमेदवाराला किती पडली आणि शहागंज, किराडपुऱ्याच्या बूथवर आमच्या उमेदवाराला किती पडली, ते समोरासमोर ठेवा. जिथे मते वळली नाहीत तिथे दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांनी मिळून घरोघर जावे. पुढाऱ्यांच्या गळाभेटीने मते वळत नाहीत. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे दार ठोठावले की वळतात. हे मुसलमान बांधवांनाही आमचे सांगणे आहे. २०१९ मध्ये बौद्ध समाजाने तुमच्या उमेदवाराला आपला मानले. तो विश्वास परत मिळवायचा असेल तर राखीव जागेवरच्या निळ्या उमेदवाराला शहागंजमधून भरभरून मते निघाली पाहिजेत, आणि ती आकड्यांत दिसली पाहिजेत.

यावर कुणी म्हणेल, हा तर व्यापार झाला, चळवळ कुठे राहिली? समाजबांधवांनो, चळवळ मूल्यांवर चालते आणि निवडणूक मतांवर. मूल्यांत तडजोड नको म्हणूनच मतांचा हिशेब चोख हवा. हिशेब नसला की शेवटी एखाद्या पुढाऱ्याच्या मर्जीवर समाज विकला जातो आणि वर त्यालाच युती म्हणतात. बाबासाहेबांनी भंडाऱ्यात आपले मत कुजवू दिले नाही. आपल्याला दुसऱ्यांकडून तेवढेच मागायचे आहे, त्याहून एक मतही जास्त नको आणि कमीही नको.

जयभीम!